शब्दचर्चा: ‘ओव्हरपॉवर्ड’ला वरचढ म्हणावं की डोईजड?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
आमच्याकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (फासे टाकून, पात्रं वठवत खेळायचा साहसकथेचा खेळ) खेळणारी निम्मी मंडळी मराठी, निम्मी गुजराती. घरचे नियम मराठीत लिहायला घेतलेत. पात्रासाठी नवा पर्याय घ्यायचा की नाही, यावर वाद झाला की दोन शब्द हमखास येतात: ‘ओव्हरपॉवर्ड’ (प्रमाणाबाहेर ताकदवान) आणि ‘क्लास आयडेंटिटी’ (‘क्लास’ म्हणजे पात्राचा प्रकार, जसा योद्धा किंवा जादूगार; त्याचं खास वेगळेपण). मी ‘अतिशक्तिशाली’ आणि ‘वर्गवैशिष्ट्य’ लिहिलंय, पण खेळताना ते कुणाच्याच तोंडी बसत नाहीत. कृपया सुचवा.

रावपुऱ्याहून:
‘वर्ग’ म्हटलं की शाळाच आठवते. ‘पेशा’ घ्या, गुजराती मित्रांनाही ‘पेशो’ ओळखीचा आहे.

‘ओव्हरपॉवर्ड’ला मात्र एक शब्द पुरणार नाही. एखादा कुणापेक्षा तरी वरचढ असतो आणि कुणाला तरी डोईजड होतो. २०२० साली आलेला ट्वायलाइट डोमेनचा क्लेरिक, म्हणजे संधिप्रकाशाच्या पंथाचा पुजारी घ्या. त्याला ३०० फुटांपर्यंत अंधारात दिसतं, आणि मंत्रबळ जागवलं की जवळच्या साथीदारांना दर फेरीत तात्पुरते हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) मिळत राहतात. साथीदार खूशच असतात, कारण तो कुणाचीच जागा घेत नाही. पण डीएमचे (खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराचे) राक्षस वार करून थकतात आणि कुणाला ओरखडाही उठत नाही. हा डीएमला डोईजड. त्याला वरचढ म्हटलं तर तक्रार भलत्याच माणसाच्या तोंडी जाते.

आता पाचव्या लेव्हलचा (पायरीचा) विझार्ड, म्हणजे जादूगार. फायरबॉल ही आगीच्या गोळ्याची जादू टाकली की सहा बाजूंच्या ८ फाशांइतकी इजा, तीही एका घोळक्याला. त्याच लेव्हलला फायटरला, म्हणजे शस्त्राने लढणाऱ्या योद्ध्याला, एका डावात दुसरा वार मिळतो. इथे फायटरवाला ‘हा वरचढ आहे’ म्हणणारच. पण विझार्डला तेवढी मोठी जादू दिवसातून दोनदा, फार तर तीनदा करता येते, फायटरचे वार संपत नाहीत. दिवसाभरात एकच लढाई ठेवणाऱ्या टेबलावर विझार्ड खरंच वरचढ ठरतो, सहा लढाया असतील तर नाही.

अलकापुरीहून:
दादा, हे पटलं. पण प्रतिशब्द संस्कृतातून घडवायला काय हरकत आहे? याच गावात १९३१ साली ‘शासनशब्दकल्पतरू’ निघाला. राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडलेले. बडोद्याची परंपराच आहे ही.

रावपुऱ्याहून:
ताई, त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण ते शब्द कागदावर हुकूम लिहिण्यासाठी होते. आपले शब्द फासा हातात असताना ओरडून म्हणायचे आहेत.

‘आयडेंटिटी’साठी मी बाणा सुचवेन. ‘ओळख’ दुसरा करून देतो, बाणा वागण्यातून दिसतो. अकराव्या लेव्हलला फायटर एका डावात तीन वार करतो, तो त्याचा बाणा. बार्बेरियन, रेंजर, पॅलाडिन हे बाकीचे लढवय्ये पेशे दोनावर थांबतात.

अलकापुरीहून:
मग ‘ब्रीद’ का नको?

रावपुऱ्याहून:
ब्रीद बोलून घेतलेलं असतं. पॅलाडिनच्या ‘ओथ’साठी, म्हणजे त्याने घेतलेल्या शपथेसाठी ते राखून ठेवा.

दांडिया बाजारहून (मूळ प्रश्नकर्ता):
बाणा घेतला! आणि त्यामुळे आमचा एक जुना वाद उलगडला. ब्लेडसिंगर या तलवार चालवणाऱ्या विझार्डला सहाव्या लेव्हलला दोन वार मिळतात, त्यातल्या एकाच्या जागी छोटी जादूही करता येते. आम्ही महिनोन्‌महिने ‘हा ओव्हरपॉवर्ड आहे का’ याचा हिशेब मांडत होतो. आकडे काही फार हाताबाहेर जात नव्हते, तरी फायटरवाला धुमसत होता. त्याचं म्हणणं वेगळंच होतं: माझा बाणा उसना घेतलास. ताकद कमी करून हे दुखणं जात नाही.

याउलट खेळाच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या पेशांना एकाच साच्यात बसवलं. प्रत्येकाच्या करामती तीन प्रकारच्या: हवी तेव्हा, लढाईत एकदा, दिवसात एकदा. बरोबरी छान साधली, पण सगळेच सारखे वाटतात अशी तक्रार पुष्कळांनी केली. मला ती तक्रार रास्त वाटते. थोडं वरचढपण मी चालवून घेईन, बाणा गेलेला नाही चालणार.

तेव्हा नियमांत आता दोन वेगळे प्रश्न लिहितोय. पर्याय कुणाला डोईजड होतो का? आणि कुणाचा बाणा घेतो का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर ज्याचा पेशा आहे त्या खेळाडूला आधी विचारायचं, डीएमला नंतर.