वानलेसवाडीतलं 'वानलेस' आडनाव मूळचं कुठलं?

मिरज_जंक्शन:
मंडळी एक प्रश्न आहे, इतिहासाचा म्हणा नाहीतर टाइमपास म्हणा. सांगली-मिरज रोडनं येजा करणाऱ्याला वानलेसवाडी माहीतच असते आणि मिरजेचं मिशन हॉस्पिटल म्हणजे डॉ. विल्यम वानलेस यांचं हे पण इथल्या शाळकरी पोराला ठाऊक असतंय. तर भाचा न्यूकॅसलला, म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, शिकायला आहे, तो परवा फोनवर म्हणाला मामा आमच्या युनिव्हर्सिटीत एकाचं आडनाव वानलेस आहे, मी म्हटलं त्यात काय एवढं आमच्याकडं अख्खी वाडी आहे. मग त्यानं मला एक नकाशा पाठवला, १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेत हे आडनाव कुठं कुठं होतं त्याचा. बघतो तर सगळा गडद रंग वरच्या कोपऱ्यात, नॉर्थंबरलँड, डरहॅम आणि बॉर्डर ओलांडून स्कॉटलंडचा आग्नेय भाग, खाली इंग्लंड जवळजवळ कोरं.

आता माझा घोळ असा की डॉक्टर जन्मले कॅनडात, ऑन्टॅरियोला, १८६५ मध्ये, १८८९ ला इकडं आले ते अमेरिकन प्रेसबिटेरियन (ख्रिश्चनांतला एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनकडनं, मग आडनाव इंग्लिश म्हणायचं, स्कॉटिश का अमेरिकन? अर्थ काय त्याचा? आणि एवढ्याशाच पट्ट्यात का? मराठीत शोधलं तर हॉस्पिटल १८९४ ला सुरू झालं, १९२८ ला सर पदवी मिळाली वगैरे सगळं मिळतंय पण आडनावावर एक ओळ नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

कृष्णाकाठी:
छान विषय काढलात. कोशात याचा अर्थ दिलाय तो ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, पण सांगतो. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत वानलेस असा चालता शब्द होता, अर्थ आशा सोडलेला, नशीब फुटका. त्यातला 'वान' हा नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांचा शब्द, म्हणजे आशा, आणि 'लेस' आपण रोज युजलेस म्हणतो त्यातलाच. व्हायकिंग नवव्या शतकापासून उत्तर इंग्लंडात येऊन नुसते लुटून गेले नाहीत तर शेती करत राहिले, त्यामुळं तिकडच्या बोलीत नॉर्स शब्दांचा भरणा झाला आणि लंडनकडं जे शब्द कुणाला कळायचे नाहीत ते उत्तरेत घराघरात होते. तेव्हा असल्या शब्दावरून पडलेलं टोपणनाव उत्तरेतच पडणार, पट्ट्याचं पहिलं कारण हे.

शिकारीतला पण एक शब्द आहे याच्याजवळ जाणारा, वानलस, हरणं हाकून शिकाऱ्यापुढं आणायची पद्धत, आपल्याकडं हाका घालतात तसं. काहीजण आडनाव त्यावरून लावतात. मला ते पटत नाही, कारण लॉलेस, केअरलेस, लव्हलेस अशी 'लेस'वाली आडनावं इंग्रजीत आहेतच आणि हे त्याच माळेतलं दिसतंय.

भडंग_स्पेशल:
म्हणजे आमच्या आज्याचं पोट ज्यांच्या हॉस्पिटलात फाडून बरं केलं त्या डॉक्टरचं आडनाव होपलेस??? हाहाहा. काय राव. पण आपल्यात तरी काय वेगळं, पोटदुखे आहेत, वाकडे आहेत, बहिरट आहेत, आगलावे पण आहेत, आणि त्यातले कितीतरी माझ्या ओळखीचे अगदी सरळ नि गरीब स्वभावाचे. कुणीतरी कधीतरी गावात चिडवलं आणि ते पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या रेशनकार्डावर चढलं.

कृष्णाकाठी:
@भडंग_स्पेशल अगदी तसंच. आणि एकदा बापाचं नाव पोराला, पोराचं नातवाला असं वारशानं जायला लागलं की अर्थ कोण बघतंय. इंग्लंडात हे वारशाचं आडनाव साधारण ११०० ते १४०० या काळात हळूहळू पक्कं झालं, दक्षिणेत आधी, उत्तरेत बरंच उशिरा. वानलेस हा शब्द बोलण्यातून कधीच गेला, आडनावात तेवढा राहिला, त्यामुळं आजच्या इंग्रज माणसाला पण त्यात होपलेस ऐकू येत नाही.

वाईचा_वाचक:
दोन गोष्टी जोडतो. मी आडनावांचा नादिष्ट आहे त्यामुळं लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे १८८१ चा नकाशा. तो एवढा सगळीकडं का दिसतो, तर त्या जनगणनेची प्रत्येक घराची नोंद हौशी लोकांनी हातानं उतरवून काढली आणि ती फुकट मिळते, त्यावर मग कुणी सीडी काढल्या कुणी वेबसाइटी. पण १८८१ म्हणजे रेल्वे आल्यालाच पन्नास वर्षं झालेली, कोळसा लोखंड जहाजं सगळं जोरात. डरहॅममध्ये गडद रंग दिसतोय तो कोळशाच्या खाणींचा पण असू शकतो, वरच्या नॉर्थंबरलँडमधली शेतमजूर पोरं पगार चांगला म्हणून खाणीवर उतरायची. नकाशा सांगतो त्या साली माणसं कुठं राहत होती, आडनाव कुठं जन्मलं ते नाही सांगत. त्यासाठी मागं जायला लागतं, १८३७ पासून इंग्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद, त्याच्या मागं चर्चची पॅरिश रजिस्टरं, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या वह्या, ती ठेवायचा हुकूम निघाला १५३८ ला, आठव्या हेन्रीच्या काळात, आणि त्याच्याही मागं जायचं असेल तर १३७७, १३७९, १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या. दुर्मिळ आडनावाचा फायदा काय तर यादीत दिसलं की लगेच डोळ्यात भरतं. स्मिथ शोधायला जाल तर वेडे व्हाल, १८८१ ला एकटे स्मिथच चार लाखांच्या वर होते.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. भाच्याला सांगा की एकच स्पेलिंग टाकून नकाशा बघू नकोस. या आडनावात एक 'एस' असलेलं आहे, शेवटी 'लास' केलेलं आहे आणि मधे 'डी' घुसडलेलं वँडलेस पण आहे, ते तर खास ईशान्येकडचंच. पाद्री जसं ऐकायचा तसं लिहायचा, बाप्तिस्म्याला एक आणि लग्नाला दुसरंच. आपल्याकडं त्याच हॉस्पिटलचं नाव पाटीवर एक, पावतीवर एक आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरंच असतंय की.

कंदी_पेढा:
मिरजकरांनी वाडीचं कौतुक केलं आता सातारकरांचं पण ऐका. आमच्या महाबळेश्वरला तर पॉइंटांना नि जागांना दिलेल्या अशा आडनावांचा बाजारच आहे, मॅल्कम, एलफिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, बेकविथचं स्मारक पण आहे. बॅबिंग्टन हे नॉर्थंबरलँडमधल्या बॅव्हिंग्टन गावावरून, म्हणजे तुमच्या वानलेसच्या शेजारचंच झालं. बेकविथ यॉर्कशरमधलं, हॅरोगेटजवळच्या जागेवरून. एलफिन्स्टन स्कॉटलंडात ईस्ट लोथियनमधल्या गावावरून. ही सगळी आपल्या फलटणकर, वाईकर, औंधकर यांच्यासारखी, गाव सापडलं की निम्मं काम झालं.

पण लॉडविकला गाव नाही. हे आडनाव पहिल्या नावावरून आलंय, लॅटिन लुडोविकस, जर्मन लुडविग, फ्रेंच लुई, सगळे एकाच घरचे. जनरल पीटर लॉडविक १८२४ ला महाबळेश्वरच्या डोंगरावर चढलेला पहिला गोरा म्हणतात, त्याच्या मुलानं १८७४ ला पॉइंटवर खांब उभा केला आणि त्यावर लिहिलंय की हा इसेक्समधल्या साउथ शूबरीच्या जॉन लॉडविकचा दुसरा मुलगा. टुरिस्ट तिथं हत्तीचं डोकं आणि प्रतापगड बघतात, फोटो काढतात, खांबावरचं कुणी वाचत नाही. हाच माणूस पुढं साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता आणि १८३६ ला प्रतापसिंह महाराजांच्या विरोधात गुप्त चौकशी बसवली त्या कमिशनात ओव्हान्स आणि विलोबी या गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर हा पण बसला होता, महाराजांना १८३९ ला पदावरून काढून काशीला धाडलं ते त्यानंतर. पॉइंटाला नाव द्यायला दुसरं कुणी मिळालं नाही का असं प्रत्येक वेळी वाटतं पण तो वेगळा विषय.

मिरज_जंक्शन:
भारी माहिती. @कंदी_पेढा मग या लॉडविकचा पण नकाशा असेल ना? तो पण एकाच कोपऱ्यात का?

वाईचा_वाचक:
मीच सांगतो, कारण मला हे आडनाव वानलेसपेक्षा जास्त मजेशीर वाटतं. लॉडविक दुर्मिळ आहे पण एकाच मुळाचं नाही. वेल्समध्ये जुन्या काळी आडनावच नसायचं, बापाचं नाव पुढं लावायचे, 'अप' म्हणजे चा मुलगा, तो अमुकचा मुलगा तमुक. मग इंग्रजी कायद्याच्या रेट्यात सोळाव्या ते अठराव्या शतकात ज्याच्या बापाचं जे नाव तेच आडनाव म्हणून गोठलं, म्हणून तर तिकडं जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स यांचाच सुकाळ. बापाचं नाव लॉडविक असेल तर आडनाव लॉडविक, तशी घरं नैऋत्य वेल्समध्ये कारमार्थनशर बाजूला. आणि दुसरीकडं लंडन. तिथं १५५० पासून डच लोकांचं स्वतःचं चर्च होतं, सहाव्या एडवर्डनं सनद दिलेलं, फ्लँडर्समधून धर्माच्या छळाला कंटाळून आलेली विणकर नि व्यापारी मंडळी तिथं जमायची. त्यांच्यातलाच एक फ्रान्सिस लॉडविक, १६१९ चा जन्म, व्यापारी माणूस, पण सगळ्या जगाला वाचता येईल अशी एकच लिपी काढायचा ध्यास घेतला आणि १६४७ ला त्यावर पुस्तक छापलं, पुढं रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

म्हणजे बघा, आडनाव एक, एक शेंडा वेल्सच्या खेड्यात आणि एक लंडनच्या डच पेढीवर, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आडनाव दुर्मिळ दिसलं की लोक लगेच म्हणतात सगळे भाऊबंदच असणार, हे मला अजिबात पटत नाही. साउथ शूबरी टेम्सच्या मुखाशी आहे म्हणून नुसता नकाशा बघून जनरलसाहेबांना डच ठरवू नका, जॉन लॉडविकपासून एकेक पिढी रजिस्टरात मागं सरकायचं.

भडंग_स्पेशल:
माझी शंका. एवढं दुर्मिळ आडनाव सातशे वर्षं टिकलं कसं? एखाद्या पिढीत सगळ्या पोरीच झाल्या तर खेळ खल्लास की.

वाईचा_वाचक:
लाखातला प्रश्न विचारलात, हाच प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाला पडला होता, आणि वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्याला घेऊन त्यानं १८७४ ला त्यावर लेख छापला. प्रत्येक माणसाला किती मुलगे होतील हे नशिबावर सोडलं तर बहुतेक आडनावं काही पिढ्यांत नुसत्या योगायोगानं संपतात, त्यात त्या घराण्याचा काही दोष नसतो. त्यात तिकडं १३४८ ची प्लेगची साथ येऊन गेली म्हणजे हजारो आडनावं जन्मताच गेली असणार. जी वाचली त्यातली काही पसरली आणि काही वानलेससारखी एका पट्ट्यात दोन-चार घरं धरून राहिली. वर बॉर्डरचा मुलूख, इंग्लंड-स्कॉटलंडच्या मारामाऱ्या, गुरं पळवणं, सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बाहेरचा माणूस तिकडं जायला धजायचा नाही, आतला पण आपल्या कुळाच्या आधाराशिवाय बाहेर पडत नव्हता. १६०३ ला दोन्ही देशांना एकच राजा मिळाला तेव्हा कुठं तो भाग निवळला. इंग्लिश का स्कॉटिश असं विचारलंय तर माझं उत्तर बॉर्डरचं, दोन्हीकडचं.

कृष्णाकाठी:
आणि तिकडून कॅनडा कसं, तर १८१५ ला नेपोलियनशी लढाया संपल्यावर दक्षिण स्कॉटलंड आणि बॉर्डरवरची हजारो कुटुंबं जमिनीसाठी ऑन्टॅरियोला गेली, तेव्हा त्याला अप्पर कॅनडा म्हणत. प्रेसबिटेरियन पंथ तर स्कॉटलंडचा मुख्यच. तेव्हा डॉक्टरांचं मिशन अमेरिकन असलं तरी आडनाव आणि पंथ दोन्ही एकाच दिशेनं बोट दाखवतायत.

शिवाय गंमत ऐका, ब्रिटनमध्ये २००२ ला सरकारी आरोग्यसेवेला पुढच्या वीस वर्षांत किती पैसा लागेल याचा मोठा अहवाल आला, तो वानलेस रिपोर्ट म्हणून ओळखला जातो, लिहिणारे डेरेक वानलेस, बँकेतले मोठे अधिकारी, जन्म न्यूकॅसलचा. आडनावाचा आणि हॉस्पिटलांचा काहीतरी ऋणानुबंध असावा हाहा.

मिरज_जंक्शन:
न्यूकॅसल! भाच्याला हे आत्ताच पाठवतो. आता शेवटचं एक, डॉक्टरांचं घराणं बॉर्डरच्या इंग्लिश बाजूचं का स्कॉटिश बाजूचं हे इथं मिरजेत बसून फुकटात काढता येईल का? लंडनला जाऊन कागद बघायची ऐपत नाही आपली.

वाईचा_वाचक:
येईल की. कॅनडाची १८७१ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे, त्यात प्रत्येक माणसापुढं धर्माचा रकाना आहे आणि शिवाय मूळ कुठलं याचा वेगळा रकाना आहे, इंग्लिश, स्कॉच, आयरिश, जर्मन असं. डॉक्टर तेव्हा पाच-सहा वर्षांचे, बापाच्या घरातच असणार. तिथं स्कॉच निघालं तर पुढचं काम स्कॉटलंडच्या नोंदीत, १८५५ नंतरच्या त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात मयताच्या आईबापाची नावं असतात, इंग्लंडच्या दाखल्यात ती नसायची, म्हणजे मागं राहिलेले चुलते आजे तिथून सापडतात. स्कॉटलंडवाले दाखला बघायचे थोडे पैसे घेतात तेवढे भाच्याकडून भरून घ्या. इंग्लिश निघालं तर नॉर्थंबरलँडची पॅरिश रजिस्टरं, त्यातली बरीच उतरवलेली फुकट मिळतात. आणि शोधताना वँडलेस विसरू नका.

कंदी_पेढा:
निघालं की इथं टाका. आणि कुणाला ओव्हान्स आडनावाचं मूळ सांगता आलं तर नवीन धागा काढा, साताऱ्याची माणसं रांगेत आहेत.