एकट्या 'के'वरून खडकी ठरत नाही

जुन्या रायफलच्या काडतुसाच्या बुडावर 'के' शिक्का आहे म्हणजे ते पुण्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचंच, असं एकाने म्हटलंय, ते पटत नाही. पॉइंट ३०३ वर, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लष्करी रायफलच्या काडतुसावर, नुसता 'के' असेल तर तो बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीचा. १८६९ साली सुरू झालेल्या आपल्या खडकीच्या कारखान्याचा शिक्का 'केएफ', बहुतेकदा दोन अक्षरांच्या मधे सरकारी मालाची खूण असलेला बाण. शेजारचे दोन आकडे म्हणजे साल. काडतुसाचा प्रकार सांगणाऱ्या रोमन सातानंतर (VII) 'झेड' असेल तर आत नायट्रोसेल्युलोजची दारू, नसेल तर कॉर्डाइट ही दुसऱ्या प्रकारची दारू.

आणि कृपा करून पितळ चिंचेने घासू नका! बुडाच्या मधोमध असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या कॅपभोवतीची जांभळी लाखेची कड साध्या गोळीची खूण असते, ती जाईल. शिवाय न उडालेलं काडतूस जिवंत धरायचं. ठोकाठोक नको, आणि परवान्याशिवाय ते जवळ ठेवताही येत नाही. पोलिसांना आधी कळवा.