तोरा, तोराह की नियमशास्त्र?

वरवंटा

शाळकरी मुलांसाठी धर्मांची ओळख करून देणारी एक पुस्तिका मराठीत आणतेय. ज्यू धर्मापाशी गाडी अडली. ‘ज्यू घरात मुलांना लहानपणापासून तोरा शिकवतात’ असं लिहिलं, तर लेक म्हणाली, “मग त्यांच्याशी कोणी खेळत नसेल.” काय लिहू? एकाने ‘नियमशास्त्र’ सुचवलं, दुसऱ्याने ‘जुना करार’. तालमूद, सबाथ, बार मित्झ्वा यांचंही तेच.

आडवाट

तोराह लिहा, त्या ‘ह’ने लेकीची शंका मिटेल. हिब्रूत शेवटी ‘हे’ हे अक्षर आहेच, फक्त ऐकू येत नाही.

‘नियमशास्त्र’ आपल्याकडे मराठी बायबलमधून रुळलं. चूक नाही, पण तोकडं आहे. त्या पाच पुस्तकांत आज्ञा आहेत, परंपरेने त्या ६१३ मोजतात. पण नोहाचं तारू, भावांनी विकलेला योसेफ, इजिप्तच्या गुलामीतून सुटका हेही तिथेच आहे. धातूचा अर्थ दाखवणं, शिकवणं. तेव्हा एकदा कंसात ‘शिकवण’ द्या आणि पुढे खुशाल तोराह म्हणा.

‘जुना करार’ मात्र काढाच. नवा मानला तर जुना! ज्यूंसाठी हा एकच करार आहे आणि तो चालू आहे. त्यांचा शब्द तनाख. तोराह, नेविईम म्हणजे संदेष्टे, केतुविम म्हणजे इतर लेखन, या तिघांची आद्याक्षरं जोडून झालेला. एकूण पुस्तकं २४.

तालमूद म्हणजे ज्यू पंडितांच्या तोराहवरच्या चर्चांचा संग्रह. त्याला ‘धर्मग्रंथ’ म्हणून मोकळं होऊ नका. शब्दाचा अर्थच शिकणं. छापील पान बघाल तर मधोमध मूळ मजकूर, एका अंगाला ११व्या शतकातल्या राशी नावाच्या पंडिताचं भाष्य, दुसऱ्या अंगाला त्याच्याच नातवांचे आणि शिष्यांचे आक्षेप. आजोबांशी नातू पानावरच भांडतोय, आणि दोघंही पवित्र. बाबिलोनी तालमूदची अशी २,७११ पानं (दोन्ही बाजू धरून एक). रोज एक वाचलं तर साडेसात वर्षं लागतात, आणि १९२३पासून जगभर लोक ठरवून एकाच दिवशी एकच पान वाचतात.

वरवंटा

वा. बार मित्झ्वाला ‘ज्यूंची मुंज’ चालेल ना? मुलांना पटकन कळेल.

आडवाट

कळेल, पण चुकीचं कळेल. मुंज लावावी लागते. बार मित्झ्वा ‘करत’ नाहीत, मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो बार मित्झ्वा *होतो*, समारंभ असो वा नसो. ‘बार’ म्हणजे पुत्र, मित्झ्वा म्हणजे आज्ञा. आता आज्ञा पाळण्याची जबाबदारी बापाची नाही, त्याची. मुली परंपरेने बाराव्या वर्षीच, त्यांचा शब्द बात मित्झ्वा.

जाता जाता, देवाचं नाव. तोराहमध्ये ते चार व्यंजनांत लिहिलेलं आहे, पण वाचताना तिथे ‘अदोनाय’ म्हणतात आणि एरवी बोलताना नुसतं ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. ‘यहोवा’ हे रूप त्या व्यंजनांना अदोनायचे स्वर जोडून झालं. ‘आमचे हे’ म्हणणाऱ्या आज्या पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

पाणकावळा

मंडळी, इतकं लांब कशाला जाताय? यातल्या बऱ्याच गोष्टींना मराठी शब्द कधीचे आहेत. माझं आजोळ अलिबागचं. तिथे इस्रायल आळी आहे, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, शतकानुशतकं कोकणात तेल गाळत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. सबाथची याहून चांगली व्याख्या कोणी करून दाखवावी! सबाथचं हिब्रू रूप शब्बाथ, त्याचा धात्वर्थही थांबणं हाच. फक्त तो शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, कारण त्यांचा दिवस संध्याकाळपासून मोजतात.

आता सण बघा. रोश हशाना, म्हणजे वर्षारंभ, हा ‘नव्याचा सण’. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा ‘दारफाळणीचा सण’. आज फाळणी म्हटलं की १९४७ आठवतं, इथे अर्थ दार बंद करणं. घरोघरी दारं लावून, पाण्याचा थेंबही न घेता उपास. गंमत अशी की त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव नेइला, आणि नेइला म्हणजे (स्वर्गाची) दारं बंद होणं!

मला सगळ्यात आवडतो तो ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे पेसाख, इजिप्तमधल्या सुटकेचा सण. अनाशी म्हणजे बरणीतलं आंबट पाणी, ते या सणात झाकून ठेवायचं. पेसाखला आंबवलेलं धान्य वर्ज्य असतं, त्याला हिब्रूत खामेत्झ म्हणतात, आणि त्याच धातूपासून व्हिनेगरचा शब्द येतो, खोमेत्झ. हिब्रू ग्रंथ हाताशी नसलेल्या लोकांनी ‘आंबट झाका’ एवढं बरोबर धरून ठेवलं होतं.

जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं, इ. स. पू. ५८६ आणि इ. स. ७०. त्या शोकाचा उपास आव महिन्याच्या नवमीला, आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास. त्याचं नाव ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचा. एका नावात कोकणी वाल, फारसी रोजा आणि जेरुसलेम.

पेसाखच्या रात्री वाचायची हगादा, म्हणजे त्या सुटकेच्या कथेची पोथी, पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्या चित्रात बायका साड्या नेसून बिनखमिराच्या पोळ्या करतायत.

खलबत्ता

पुण्यात सिनेगॉगला लाल देऊळ म्हणतात, हेही यादीत घ्या. १८६७चं, डेव्हिड ससूनने बांधलेलं. मुंबईतलं १७९६चं शआर हारहामीम मात्र ‘जुनी मशीद’. एकाच वास्तूप्रकाराला देऊळही आणि मशीदही!

वरवंटा

पाणकावळा, तुम्ही तर पुस्तिकाच बदलून टाकलीत. ‘मलिदा’ही त्यांचाच ना? आमच्याकडे मलिदा फक्त कंत्राटदार खातात.

पाणकावळा

शब्द फारसीतला, मालीदा म्हणजे चुरलेलं. तुपागुळात चुरलेल्या पोळीवरून तो कंत्राटदारापर्यंत कसा गेला ते सांगायला नको. बेने इस्रायलांचा मलिदा वेगळा: नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावाने करतात. मी लहानपणी आजीबरोबर शेजारी गेलो होतो. दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली डबी होती (मेझुझा, आत चर्मपत्रावर ‘ऐक, हे इस्राएला’ हे वचन), तिला बोट लावून यजमानीणबाई बोटाचा मुका घेत. ताटात पांढऱ्याशुभ्र पोह्यांचा ढीग, भोवती केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी, आणि हिब्रू प्रार्थना संपेपर्यंत आम्हा पोरांना हात लावायची बंदी.

वरवंटा

लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: पोह्यांत कांदा असतो का?

पाणकावळा

नाही. फोडणीच नसते. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची. आमच्या आळीत जायफळही घालत.