काळ्या मातीवर गेट ते पोर्च काँक्रीट: जाळी टाकली की भागतं का?

विज्ञानाच्या बाई

नमस्कार मंडळी. परभणीत वसमत रस्त्याच्या बाजूला आमचं घर नुकतंच बांधून झालंय. कॉलम खाली मुरूम लागेपर्यंत, म्हणजे ९ फुटांवर नेलेत, त्यामुळे घराची काळजी नाही. प्रश्न आहे तो गेटपासून पोर्चपर्यंत गाडी आत आणायच्या रस्त्याचा. रुंदी १२ फूट, लांबी ४५ फूट. खाली निव्वळ काळी माती. पावसाळ्यात गाडी बाहेर रस्त्यावरच लावतो, कारण आत आणली तर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल. आणि आता भेगा अशा पडल्यात की सासूबाईंची काठी परवा आत रुतून बसली.

ठेकेदाराचं म्हणणं असं: वरची सहा इंच माती काढायची, दगडाची सोलिंग करायची (म्हणजे दगड रचून थर द्यायचा), त्यावर ४ इंच काँक्रीट आणि ८ मिमीची जाळी. "ताई, जाळी टाकली की वरून हत्ती नेला तरी काही होत नाही." आता गंमत बघा, मागच्या गल्लीत त्यानेच केलेला असाच रस्ता दुसऱ्या वर्षी बरोबर मधोमध उभा चिरलाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. विचारलं तर म्हणे त्यांनी पाणी नीट मारलं नाही.

आणखी माहिती: गेटजवळ डाव्या हाताला मोठा कडुनिंब आहे, तो तोडणार नाही. उजव्या कडेने मोगरा आणि जास्वंदीचा वाफा करायचा आहे. गच्चीच्या पाण्याचा पाइप पोर्चच्या कोपऱ्यावर उतरतो. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला आहे, घरच्यांना त्याआधी रस्ता हवा. ४ इंचाचे ६ इंच केले तर चालेल का? की जाळी १० मिमीची घ्यावी?

सोलापुरी चादर

काँक्रीटच्या नादाला लागू नका. पेव्हर ब्लॉक टाका, ६० मिमीचे कारला पुरतात. आमच्याकडे सोलापुरात होटगी रोडला सगळी अशीच माती. ब्लॉक वरखाली होतातच, पण दोन-तीन वर्षांनी तेवढाच भाग उचलून खालचं सपाट करून परत बसवता येतो. काँक्रीट चिरलं की ब्रेकर लावण्याशिवाय गत नाही. खाली मुरूम मात्र चांगला दाबून घ्या.

कालवेकर

ताई, हत्तीचा प्रश्नच नाही. हत्ती वरून चालतो, तुमचा रस्ता खालून उचलला जाणार आहे.

माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यातली बरीच वर्षं काळ्या रानातून जाणाऱ्या कालव्यांवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. ५ इंच काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण ३०० किलो भरतं. जड काळी माती फुगताना चौरस मीटरला १० टनांचा दाब सहज देते. तुमचे ४ इंच असोत की ६, तिला काही फरक पडत नाही. घराचं वजन कॉलमवर एकवटून खाली मुरमात जातं, म्हणून घर उभं राहतं. रस्ता मात्र बिचारा तिच्या पाठीवरच पसरलेला.

मागच्या गल्लीतली चीर मधोमध उभी आहे, यातच सगळं आलं. काँक्रीटने झाकल्यावर मधली माती वर्षभर दमट राहते. कडेची माती उन्हाळ्यात वाळते, पावसाळ्यात भिजते. म्हणजे मध्य तिथेच आणि दोन्ही कडा वर्षाला एकदा खाली, एकदा वर. मग स्लॅब कण्यातून मोडणारच. पाणी मारण्याशी त्याचा संबंध नाही. (पाणी मारलं नसेल तर वरचा पापुद्रा निघतो, बारीक जाळीदार तडे येतात. ते वेगळं दुखणं.)

लोखंडाबद्दल एवढंच: जाळी चीर थांबवत नाही, पडलेली चीर फाकू देत नाही. तीसुद्धा वरच्या तिसऱ्या हिश्शात असेल तर. आपल्याकडे जाळी जमिनीवर अंथरतात, वरून काँक्रीट ओततात आणि मग एक पोरगा आकड्याने ती उचलल्यासारखं करतो. ते पैसे मातीत गेले म्हणून समजा. १० मिमीची घेऊ नका. ८ मिमी, ८ इंचांवर, खाली कव्हर ब्लॉक (जाळी उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे) ठेवून. वाचलेले पैसे खाली घाला.

आता सोलिंग. काळ्या मातीवर थेट दगड रचले की पहिल्या पावसात दगड खाली जातात आणि माती दगडांच्या फटींतून वर येते. त्याहून वाईट म्हणजे सहा इंच खोदून दगड भरले की तो हौदच झाला. काळीतून पाणी खाली जात नाही, ते दगडांच्या पोकळीत साठून राहतं आणि महिनोन्महिने मातीला पाजत राहतं. वाळू भरली तरी तेच. फुगणाऱ्या मातीवर निचऱ्याचा थर टाकायचा आणि पाण्याला बाहेर वाट द्यायची नाही, हे मला कधी कळलेलं नाही, पण सर्रास चालतं.

कालव्याला काळी लागली की आम्ही अस्तराखाली न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा थर देत असू. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी ही पद्धत मांडली. मुरूम चांगला दाबलेला असेल आणि त्यात थोडा बांधणारा अंश असेल, तर तो खालच्या मातीची फुगण्याची ओढ बरीच गिळतो. कालव्याला थर मीटरभर लागतो. घरच्या रस्त्याला तेवढा खर्च कोणी करणार नाही, पण दीड फूट तरी द्या. हिशेब सोपा आहे: ५४० चौरस फूट गुणिले दीड फूट, म्हणजे दाबलेला ८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सैल आणताना १० ते साडेदहा धरा. एका वेळी सहा इंच पसरायचा, पाणी शिंपडायचं, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, इतपत ओल. मग छोटा रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. ट्रॅक्टर चार वेळा फिरवला म्हणजे दाबलं असं नव्हे, कडा तशाच राहतात. मुरूम रस्त्याच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्त न्या, त्याचा मुरूम वरच्या हिशेबाहून वेगळा धरा. जागा नसेल तिथे जमेल तितका. कडाच वाचवायच्या आहेत.

त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर ५ इंच काँक्रीट, एम-२० प्रतीचं. नऊ-नऊ फुटांवर सांधा, म्हणजे पाच तुकडे होतील. सांधा त्याच दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे कटरने कापायचा, सव्वा इंच खोल. "उद्या बघू" म्हणणाऱ्याला काँक्रीट थांबत नाही, ते आपली जागा स्वतः निवडून चिरतं. पोर्चच्या प्लिंथला (जोत्याला) आणि कंपाउंडच्या भिंतीला काँक्रीट चिकटवू नका, मध्ये इंचभर बिटुमन बोर्ड (डांबरी पट्टी) किंवा थर्माकोल. बरेच जण मजबुतीच्या नावाखाली रस्त्याची सळई प्लिंथ बीमला बांधतात. घर हलणार नाही, रस्ता हलणार, मग भांडण सांध्यावर.

पण हे सगळं दुय्यम. खरा शत्रू पाण्याचा चढउतार. गच्चीचा पाइप रस्त्याच्या कडेला मोकळा सोडलात तर वरचं सगळं पाण्यात. तो बंद पाइपने थेट गेटबाहेरच्या गटारापर्यंत न्या. रस्त्याला आडवा उतार ५० ला १, म्हणजे १२ फुटांत ३ इंच, वाफ्याच्या उलट बाजूला. वाफा कडेला चिकटून नको. एका बाजूला रोज पाणी आणि दुसऱ्या बाजूला कडुनिंब ओल ओढून घेणार, यापेक्षा वाईट जोडी शोधूनही सापडणार नाही. वाफा भिंतीकडे सरकवा, मोगरा कुंड्यांत लावा. निंबाच्या बाजूला रस्त्याच्या कडेने तीन फूट खोल अरुंद चर मारून त्यात जाड प्लास्टिक उभं सोडा आणि चर परत दाबून भरा. मुळं वाचतील इतपत लांबून.

आणि अक्षय्य तृतीया विसरा. आत्ता माती पूर्ण वाळून भेगाळली आहे, म्हणजे सगळ्यात आकसलेली. तिच्यावर काँक्रीट टाकलंत तर जूनमध्ये ती फक्त एकाच दिशेला जाऊ शकते. पाऊस संपून माती ना ओली ना कोरडी अशी झाली, की नोव्हेंबर-डिसेंबरात करा. क्युरिंगलाही (पाणी मारायलाही) थंडी बरी.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, माती तपासा. तुम्ही विज्ञान शिकवता, शाळेत १०० मिलीच्या मोजनळ्या असतीलच. फूटभर खालची माती ओव्हनमध्ये वाळवा, कुटून बारीक चाळणीने चाळा, १०-१० ग्रॅम दोन नळ्यांत. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. हवा निघेपर्यंत ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलातल्यापेक्षा किती टक्के जास्त, ते बघा. ५० च्या वर गेलं तर मी लिहिलेलं सगळं करा. २० च्या आत असेल तर ठेकेदाराचं ऐका आणि मला शिव्या द्या.

डॅलसकर

कालवेकर काकांना पूर्ण अनुमोदन. मी मूळचा नांदेडचा, आता टेक्सासमध्ये डॅलसजवळ. इथली मातीही अशीच काळी आणि फुगणारी. आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात शेजारी घराच्या पायाशी झिरपणारा होज पाइप लावून मातीला पाणी देताना दिसला, मला वाटलं याला वेड लागलं. नंतर कळलं, माती घरापासून सुटू नये, ओल सगळीकडे सारखी राहावी, म्हणून इथे लोक असं करतात. तुम्ही माती कोरडी ठेवायची धडपड करू नका, ती सारखी राहील एवढं बघा. बाकी ड्राइव्हवे इथेही चिरतात, गल्लीत बिनचिरेचा एक दाखवता येणार नाही.

सोलापुरी चादर

चुना मिसळायचा नाही का? रस्त्याच्या कामात मिसळतात.

कालवेकर

मिसळतात आणि उपयोगही होतो. मातीच्या वजनाच्या ४ टक्के धरला तर ताईंच्या ५४० चौरस फुटांच्या सहा इंच थराला साडेचारशे किलोच्या आसपास. अडचण मिसळण्याची आहे. फावड्याने ढेकळांवर चुना भुरभुरला तर ढेकळं आतून काळीच राहतात. आत ट्रॅक्टर वळत असेल तर रोटाव्हेटर लावून माती भुसभुशीत करायची, चुना पसरून परत रोटाव्हेटर, ओल देऊन एक-दोन दिवस झाकून ठेवायची आणि मग दाबायची. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, वारा नसताना. १२ फुटांत रोटाव्हेटर फिरतो, पण भिंतीच्या कडेचं हातानेच करावं लागेल. मुरूम जवळ मिळत असेल तर मी चुन्याच्या भानगडीत पडणार नाही. खाण लांब असेल तर विचार करा.

पेव्हरबद्दल तुमचं बरोबर आहे. ज्यांना डागडुजी करत राहण्याचा कंटाळा नाही त्यांनी पेव्हरच घ्यावेत. पण खाली मुरूम तितकाच लागतो, हे लोक विसरतात. आणि ब्लॉकांच्या फटींतून पाणी खाली जातं, म्हणून उतार आणि कडेचा बंदोबस्त जास्तच सांभाळा.

विज्ञानाच्या बाई

सगळ्यांचे आभार. नववीच्या पोरांकडूनच प्रयोग करून घेतला. रॉकेल रेशनवर बंद झाल्यापासून मिळवणं म्हणजे दिव्यच, पण लॅबच्या कपाटात जुनी बाटली निघाली. २४ तासांनी रॉकेलात १०, पाण्यात १९. म्हणजे ९० टक्के. पोरांनी दुसऱ्या दिवशी आपापल्या शेतातली माती आणली, आता नळ्या रिकाम्याच राहत नाहीत.

घरी आकडा दाखवला. सासरे म्हणाले, म्हणूनच जुन्या लोकांनी गाव पांढरीवर बसवलं आणि काळी शेताला ठेवली, तुम्हीच प्लॉट काळीत घेतला. यावर काय बोलणार. तर वास्तुशांतीला मंडपाखाली नुसता मुरूम पसरायचा आणि काँक्रीट दिवाळीनंतर, असं ठरलंय. पाइपचं काम मात्र पावसाच्या आधी करून घेतेय. मोगरा कुंडीत जाईल, जास्वंद भिंतीकडे.

एकच राहिलं: गेट सरकतं आहे. त्याचा रूळ ठेकेदार काँक्रीटमध्येच बसवू म्हणतो. बसवू देऊ का?

कालवेकर

नाही. रस्ता अर्धा इंच उचलला तरी गेट पावसाळाभर अडकेल आणि तुम्ही रोज दोन माणसं लावून ढकलाल. रुळाला स्वतःचा बीम द्या. बीम दोन्ही टोकांना आणि मध्ये, मुरमापर्यंत नेलेल्या छोट्या खांबांवर टेकवा. बीमच्या खाली दोन-तीन इंच पोकळी राहू द्या, म्हणजे माती फुगली तर बीमला धक्का देणार नाही. रस्ता आणि बीम यांच्यात तोच बिटुमन बोर्ड. गेटचे पिलर किती खोल आहेत तेही विचारून घ्या. पिलर तीन फुटांवर असतील तर रुळाचा खर्च आत्ता करू नका, आधी पिलरचं बघा.

मंडपासाठी मुरूम टाकणारच आहात तर तो रस्त्याच्या कामाचाच आणा, वरून पसरून ठेवा, नंतर खोदाईच्या वेळी बाजूला काढून परत वापरता येईल. पहिली ट्रॉली उतरताना स्वतः उभ्या राहा. पिवळं दिसतं ते सगळं मुरूम नसतं. मूठभर घेऊन पाणी टाकून मळा, त्याची पेन्सिलीइतकी बारीक लांब वळी वळता आली तर त्यात मातीच जास्त आहे, ट्रॉली परत पाठवा.