सूर्य अस्वलाची पिल्लं जंगलात सोडायला इतकी वर्षं का लागतात?

रानवेडी: बोर्निओ बेटावर, मलेशियातल्या साबा राज्यात सेपिलोकला सूर्य अस्वलांचं (आग्नेय आशियातल्या लहान अस्वलांचं) केंद्र आहे. तिथून २०१५ मध्ये पहिलं अस्वल ताबिनच्या अभयारण्यात सोडलं. आई मारली गेलेली, पाळायला विकलेली पिल्लं तिथे येतात. ती झाडावर सराईतपणे चढू लागली की सोडायला काय हरकत?

वाळवी: चढणं शिकवावं लागत नाही; लांब नखं आणि आत वळलेले पंजे असतातच. शिकायचं असतं पोट भरणं. कुठला कुजका ओंडका फोडायचा, खोडाच्या पोकळीतलं बिनडंखी मधमाश्यांचं पोळं कसं उकरायचं, हे पिल्लू दोनेक वर्षं आईमागे हिंडून शिकतं.

आई नसेल तर एक-दोन ठरावीक माणसांनी त्याला रोज जंगलात न्यायचं. पुढे पिल्लू, मागे माणूस, बोलणं नाही. अरुणाचलात पक्केला हिमालयी काळ्या अस्वलाच्या पिल्लांनाही असंच फिरवतात. उरलेला वेळ विजेच्या कुंपणाआतल्या जंगलात. तिथे खाणं ओंडक्यांच्या भेगांत आणि फांद्यांवर लपवायचं, वेळा बदलत. रोज एकाच वेळी फाटकाशी खाणं आलं, की अस्वल दिवसभर फाटकाशीच बसतं. ही सवय मोडायला फार वेळ जातो.

पशुवैद्य_ना: घोळ बऱ्याचदा त्याआधीच झालेला असतो. अस्वलाच्या दुधात स्निग्धांश भरपूर आणि लॅक्टोज (दुधातली साखर) अगदी कमी. घरात गाईचं दूध पाजलेलं पिल्लू जुलाबाने खंगून येतं. कमी लॅक्टोजची दूधपावडर द्यावी, पिल्लाला पालथं ठेवून. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. आल्यावर निदान ३० दिवस विलगीकरण, विष्ठेची जंत-तपासणी आणि क्षयरोगाची चाचणी. सुळे कापलेलं किंवा पिंजऱ्यात फेऱ्या मारण्याचा चाळा जडलेलं अस्वल सोडायचा हट्ट धरू नये. ते केंद्रातच सुखाने राहू द्यावं.

उंबरतळ: आणि जागा! बोर्निओच्या जंगलात फळांचा बहर दरवर्षी येत नाही. अनेक झाडं काही वर्षांच्या अंतराने एकदम फळतात. १९९९-२००० च्या सुमारास डानुम खोऱ्यात फळं आटली तेव्हा जंगलातच वाढलेली अस्वलंही उपाशी खंगलेली आढळली. मग नवशिक्याचं काय होईल? म्हणून सोडण्याआधी त्या भागात उंबर-वडाच्या जातीची झाडं पुरेशी आहेत का, फळ कधी धरतं, हे पाहायलाच हवं.

सोडलेलं अस्वल कुठे आहे हे कळवणाऱ्या गळ्यातल्या पट्ट्याची, म्हणजे सॅटेलाइट कॉलरचीही कटकट असते. या अस्वलाची मान जवळपास डोक्याइतकीच जाड. सैल बसवली तर ते पंजाने ओढून काढतं, घट्ट बसवली तर वजन वाढल्यावर कातडीत रुतते. ठरावीक मुदतीनंतर आपोआप गळून पडणारी कॉलर घ्यावी. झाडांच्या दाट छत्राखाली जीपीएसची नोंद वारंवार हुकते, त्यामुळे एक-दोन दिवस ठिकाण कळलं नाही म्हणून लगेच घाबरू नये. बराच काळ नोंदी एकाच जागी पडत असतील तर मात्र माणसं ताबडतोब पाठवावीत.

रानवेडी: आणि अस्वल पामच्या मळ्याकडे वळलं तर?

वाळवी: तीच मोठी भीती. पामची फळं त्याला आवडतात, आणि मळ्याच्या कडेला रानडुकरांसाठी लावलेले फास असतात. म्हणून ते अभयारण्याच्या आतल्या भागात, मळ्यांपासून शक्य तितकं दूर सोडतात. ताबिनला त्यासाठी हेलिकॉप्टर वापरलं. तरीही ते कडेला आलं तर लगेच भूल देऊन परत आणायचं, माणसाजवळ अन्न मिळतं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसायच्या आत.