पाठिंबा कुणाला द्यायचा, हे नव्या पक्षाने कसं ठरवावं? (बेळगाव, खानापूर, निपाणी)

सीमाभागी
नव्या पक्षाची जुळवाजुळव चालू आहे, नोंदणीचा अर्ज अजून गेलेला नाही. त्यामुळे विधानसभेला स्वतःचे उमेदवार न देता बेळगाव ग्रामीण, बेळगाव दक्षिण, खानापूर आणि निपाणीत अपक्षांना पाठिंबा द्यावा असा विचार आहे. प्रत्येक ठिकाणी तीन-चार इच्छुक आहेत. निवड कोणत्या क्रमाने करावी? आणि आधी नोंदणी केली तर काही फायदा होईल का?

कागदपत्रवाला
नोंदणीचं आधी सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली किमान १०० सभासद, १०,००० रुपये फी, आणि स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज निवडणूक आयोगाकडे पोचला पाहिजे. हे ३० दिवस बहुतेकांचे हारतुऱ्यांतच जातात. नोंदणी झाली तरी उमेदवाराला अपक्षासारखेच १० सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार) लागतात. एका सूचकावर फक्त मान्यताप्राप्त पक्षांचं भागतं. सगळ्यांना एकच चिन्ह हवं असेल तर विधानसभेच्या किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. कर्नाटकच्या २२४ जागांचे ५ टक्के म्हणजे अकराच्या आसपास, तुमच्या चारांत ते बसत नाही. तेव्हा यंदा पाठिंबाच बरा.

फक्त चार जागी चार वेगळी चिन्हं येतील हे धरून चाला. अर्जात तीन मुक्त (कुठल्या पक्षासाठी राखून न ठेवलेली) चिन्हं पसंतीक्रमाने द्यायची असतात, आणि एकाच चिन्हावर दोन अपक्ष अडले तर चिठ्ठ्या टाकतात. चिन्हवाटप होईपर्यंत पत्रकं छापायला टाकू नका.

अनगोळकर
आधी कागद, मग माणूस. मुलाखती घेऊन नाव पक्कं करायचं आणि छाननीत अर्ज उडाला, तर दुसरं नाव द्यायला वेळच उरत नाही.

पहिली गोष्ट मतदार यादी. उमेदवार कर्नाटकातल्या कुठल्या तरी मतदारसंघाचा मतदार असावाच लागतो. राहायला बेळगावात आणि नाव चंदगडच्या यादीत, असा इच्छुक तिथेच बाद. नाव राज्यातल्याच दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत जोडावी लागते. सूचक मात्र जिथून लढायचं त्याच मतदारसंघाचे हवेत. शहराच्या कडेला इथेच घोळ होतो: बेळगाव ग्रामीणमधल्या उचगावचे दहाजण बेळगाव दक्षिणच्या अर्जावर चालत नाहीत. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, तर प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या. एका अर्जात मतदार यादीचा भाग क्रमांक चुकला तरी दुसरा तरतो. सूचक अंगठा लावणारा असेल तर त्याला अधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं.

दुसरी गोष्ट गुन्हे. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात राहिलेल्या माणसावर केस नसेल तरच नवल. प्रलंबित केसमुळे कुणी अपात्र होत नाही. ती फॉर्म २६ मध्ये (अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात) लिहायची आणि प्रचाराच्या काळात वर्तमानपत्रात व टीव्हीवर तीनदा जाहीर करायची. तो खर्च आधीच धरा. धोका शिक्षेत आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम १५३अ (गटागटांत तेढ वाढवणं) खाली नुसता दंड झाला तरी शिक्षेच्या तारखेपासून ६ वर्षं उभं राहता येत नाही. म्हणून ‘दंड भरून मिटवलं’ असं कुणी म्हणाला की त्याच्याकडून एफआयआर नको, निकालपत्र मागा.

आणि भाषेचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे भाषेच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचरण ठरतं, २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते आणखी कडक झालं. मराठीत कागदपत्रं मिळावीत ही मागणी करता येते. ‘मी मराठी आहे म्हणून मत द्या’ असं म्हटलं तर जिंकलेली जागाही कोर्टात जाऊ शकते. जिभेवर ताबा नसलेला इच्छुक कितीही लोकप्रिय असो, माझ्या हिशेबात खालीच.

खानापूरकर
वरचं सगळं खरं, पण कागद साफ असलेले तिघं उरले तर पुढं काय? मेळाव्यात हात वर करून निवड करू नका. मेळावा ज्याच्या गावात, त्याचेच हात जास्त. प्रत्येक इच्छुकाकडून बूथवार यादी मागा, बूथला दोन माणसं, फोन नंबर आणि यादीतल्या क्रमांकासकट. मग आपण निवडलेल्या बूथवर फोन करून बघा. जांबोटी-कणकुंबीकडची वाड्यावस्ती आणि पूर्वेची बिडी-इटगीची कानडी गावं मुद्दाम घ्या. निम्म्या नावांना माहीतच नसतं की आपलं नाव दिलंय!

शेवटी मतदान गुप्त, एका बूथला एक मत. निकाल अर्ज भरायच्या आधी. ‘सगळे भरू, नंतर माघार घेऊ’ हे इथं चालत नाही हो. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा होत्या, २०१८ ला दोन गटांचे दोन उमेदवार आणि जागा एकही नाही.

सीमाभागी
ज्याला पाठिंबा मिळणार नाही, त्याच्याकडून आधीच माघारीचा कागद सही करून घेतला तर?

कागदपत्रवाला
माघारीच्या नोटिशीवर उमेदवाराची सही लागते, आणि ती तो स्वतः, नाहीतर लेखी अधिकार दिलेला सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी देऊ शकतो. मुदत शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत. पण सहीची खातरजमा अधिकारी करतो. तिथं माणूस फिरला तर तुमचा कागद काय कामाचा? खानापूरकर म्हणतात तसं आधीच निवडा.

आणखी एक. पाठिंबा दिलात म्हणून परस्पर सभा-बॅनरवर खर्च करू नका. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय केलेला खर्च गुन्हा आहे, आणि परवानगी घेतली की तो त्याच्या ४० लाखांच्या मर्यादेत धरला जातो. निवडीच्या वेळीच त्याला विचारा: वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडणार का, आणि रोजची नोंदवही कोण लिहिणार? निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. तो लिहिणारा माणूस ज्याच्याकडे आत्ता नाही, त्याला तो तुम्हीच द्या, नाहीतर पुढच्या नावाकडे जा.