उत्तर चुकलं म्हणून शून्य नाही

वर कुणीतरी लिहिलंय की गणितात शेवटचं उत्तर चुकलं की शून्य, बाकी सगळं तपासणाऱ्याच्या मर्जीवर. हे पटलं नाही. बेळगावात मराठी माध्यमाचे दहावीचे पेपर मी बरीच वर्षं तपासले. टप्प्यांचे गुण तपासणाऱ्याला मिळणाऱ्या उत्तरसूचीतच अर्ध्या-अर्ध्या गुणांनी फोडून दिलेले असतात, आणि दुसऱ्या योग्य रीतीने सोडवलं तरी पूर्ण गुण. समजा अंकगणिती श्रेढीचं गणित आहे: पहिलं पद a = 5, सामान्य फरक d = 3, पहिल्या 20 पदांची बेरीज काढा, 2 गुण. मुलाने सूत्र लिहिलं, किंमती घातल्या, 10(10 + 57) पर्यंत नीट आला आणि 67 ऐवजी 66 धरून 660 लिहिलं. त्याचा शेवटचा अर्धाच जातो, दीड त्याच्या हक्काचे. न लिहिलेली पायरी मात्र कुणाला दिसत नाही, म्हणून मुलांना सांगा, सूत्र तरी लिहाच.

आपल्या भागातली एक अडचण इथे कुणी मांडली नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून आलेली काही मुलं घाईत देवनागरी आकडे लिहितात. एका पेपरात घाईतला ४ मला चक्क 8 वाटला आणि मी लाल रेघ मारली. पुढच्या ओळीतला गुणाकार मात्र बरोबर जुळत होता, तेव्हा लक्षात आलं. रेघ खोडून सही केली, गुण दिले. तेव्हापासून आकडा खटकला की पुढची ओळ वाचल्याशिवाय पेन टेकवत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत शंका असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवा आणि एकेक पायरी सूचीशी ताडून बघा.